न मोजलेल्या मेंढ्या

१२ फेब्रुवारी २०१६

चेअरमन अर्जुनराव आठ वर्षांपूर्वी मेला. अंथरुणात, लेकरानातवंडांत, तोंडात गंगाजळ पडून मेला. त्याचा सूड घ्यायचा राहिला तो राहिलाच. पण धोंडीराम अजून जिवंत आहे, आणि आज टीव्हीवाली बाई माझ्या दारात आली. देव आहे म्हणायचं.

बाई मुंबईची. गुन्हा न करता तुरुंग भोगलेल्या माणसांवर ते टीव्हीवर नाटक करणार आहेत, दर आठवड्याला एक माणूस. त्यातला एक मी. माझं नाव तिला कोर्टाच्या जुन्या कागदांत सापडलं. नावं बदलू, गाव बदलू, बाकी घडलं तसंच दाखवू, म्हणाली. मी विचारलं, "ज्याच्यामुळं मी आत गेलो, त्याचं त्वांड दिसंल का?" ती म्हणाली, "काका, तसाच दिसणारा नट शोधू." मी बायकोला, साखराला, चहा टाकायला सांगितलं. घरात साखर कमी होती, तरी गोड कर म्हणालो.

रोजची वही लिहायची सवय जेलातली. बराकीत एक मास्तर होते, त्यांनी मला अक्षरं शिकवली. म्हणायचे, म्हाळू, जे तोंडाने बोलवत नाही ते लिहून काढ, नाहीतर आत कुजतं. साखराला वाचता येत नाही, त्यामुळे वही कुठेही पडली तरी चिंता नाही.

१४ फेब्रुवारी

बाईने बोलणं भरून घ्यायचं यंत्र समोर ठेवलं आणि पहिल्यापासून सांगा म्हणाली. सांगितलं.

सत्त्याऐंशी सालचा उन्हाळा असाच होता. सरकारने जनावरांसाठी कडबा पाठवला, तो सोसायटीच्या गोदामात. वाटप चेअरमनच्या हातात. मी मागायला गेलो तर चारचौघांत म्हणाला, "मेंढरं कवापासून जनावरात धरायला लागले बे? चल, हाकल." माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "काडी लागंल तुमच्या कडब्याला." गरिबाकडे शाप सोडून दुसरं असतं काय? पाचव्या दिवशी पहाटे गोदाम खरंच पेटलं. दहा ट्रक कडबा जळाला असं कागदावर आलं. राख बघितलेले सांगतात, दोन बैलगाड्यांची असेल नसेल. बाकीचा कडबा गोदामात आलाच नव्हता, हे गावाला तेव्हाही माहीत होतं आणि आजही आहे.

मी त्या रात्री तिथून कोसभर लांब, धोंडीरामाच्या वावरात होतो. मेंढ्या बसवल्या होत्या. म्हणजे जाळी लावून खांड, सगळा कळप, रात्रभर वावरात बसवायचं, लेंड्यांनी जमिनीला खत मिळतं, आणि शेतकरी त्याबद्दल आम्हाला ज्वारी देतो. आमचा धंदाच तो. जिथे मेंढ्या बसल्या तिथलं पीक पुढच्या साली काळंभोर उठतं, जाळी कुठवर होती ते आंधळ्यालाही कळावं. पण त्या साली पाऊसच पडला नाही. काही उगवलंच नाही, आणि वावर मुकं राहिलं.

मग राहिला एकच साक्षीदार. वावराचा मालक.

आग मीच लावली म्हणून मला पकडलं. जामीन मिळाला नाही, कारण माझ्या नावावर सातबारा नाही. सरकारी वकील जज्जाला म्हणाला, "या लोकांना घर ना दार, आज इथे तर उद्या तिथे. यांच्या शब्दाचा काय भरवसा?" हे वाक्य मी एकोणतीस वर्षं तोंडपाठ ठेवलं आहे. नंतर धोंडीराम उभा राहिला. मी पिंजऱ्यात, वर पंखा खडखडत होता, अर्धं ऐकूच येत नव्हतं. एवढंच नीट ऐकलं, की त्याने माझ्या मेंढ्यांचा आकडा सांगितला. भर कोर्टात, खणखणीत आवाजात. मी ओरडलो, "खोटं बोलतोय!" शिपायाने मला दाबून बसवलं. निकालानंतर माझाच वकील म्हणाला, "तुझ्या साक्षीदाराने तुला बुडवलं." सात वर्षांची सजा, सहा भोगली. चेअरमनने पढवल्याशिवाय कुणी असं करतं?

बाईने विचारलं, "काका, किती मेंढ्या होत्या तेव्हा?"

"आसतील साठ-पासष्ट," मी म्हणालो.

१५ फेब्रुवारी

काल एक गोष्ट बाईला सांगितली नाही. सांगण्यासारखी नाही, पण इथे लिहितो. मेंढ्या मोजू नयेत. माझ्या बापाने मोजल्या नाहीत, आज्याने मोजल्या नाहीत. एखादी कमी असली तर धन्याला नुसत्या नजरेने कळतं. कुणी आकडा विचारलाच तर अर्धा सांगायचा, त्याला आमच्यात कुणी खोटं म्हणत नाही, बिरोबा समजून घेतो. मोजलेलं खांड टिकत नाही. धोंडीरामाने आकडा उच्चारला आणि सहा महिन्यांत सगळं खांड मातीत गेलं, साखराच्या हाती मूठभर जित्राबं उरली. म्हणजे त्याने मला एकट्यालाच मारलं नाही.

तो आकडा मी या वहीतसुद्धा लिहिणार नाही.

२७ फेब्रुवारी

गावचे बोअर आटले. धोंडीरामाचा तेवढा चालतो, करंगळीएवढी धार. सरकारी छावणीत गाईगुरांना चारापाणी आहे, मेंढ्यांना मात्र तिथे जागा नाही. एकोणतीस वर्षांत मेंढ्या काही जनावरात आल्या नाहीत. तर धोंडीराम बोअरजवळच्या त्याच्या दगडी डोणीवर मला सकाळी मेंढ्यांना पाणी पाजू देतो. मी पाणी घेतो, बोलत नाही. तो बाजेवर बसून कानाची पाळी ओढत बघत असतो. काहीतरी म्हणायला तोंड उघडतो आणि मिटतो. मनात पाप असलं की असंच होतं.

मी आत असताना दर संक्रांतीला तो ज्वारीचं पोतं साखराच्या दारात टाकून जायचा. अजून टाकतो. आज तो विषय निघाला.

"अवो, त्याच जवारीवर लेकरं जगली तुमची," साखरा म्हणाली.

"पाप धुतंय त्यो."

"कदी इचारलंत का त्यास्नी, कावून तशी साक्ष दिली म्हून?"

"चोराला इचारत्यात का, चोरी कावून केली?"

"तुमाला बी पोलिसांनी इचारलं नव्हतं," ती म्हणाली.

मी ताट सरकवून उठलो. बाईमाणसाच्या तोंडी लागण्यात अर्थ नाही. भाकरी मात्र त्याच ज्वारीची होती, हे उठल्यावर लक्षात आलं.

९ मार्च

बाईने गाडी पाठवून मांजरसुंब्याला बोलावलं होतं. हायवेला ढाब्यामागच्या लॉजवर त्यांचा मुक्काम आहे. बाईचं तोंड उतरलेलं. अर्जुनरावाच्या घरच्यांनी वकिलाची नोटीस धाडली, म्हणून वरच्या साहेबांनी नाटकातून चेअरमनच काढून टाकला. आता नुसतं 'मोठ्या माणसांचा हात होता' एवढंच म्हणायचं.

"मग सगळा दोष त्या साक्षीदारावर येतो, काका. मला ते बरं वाटत नाही."

"येऊ द्या की," मी म्हणालो.

मोठा मासा सुटला तर सुटला. जाळ्यात जो आहे तो तरी घट्ट धरावा.

धोंडीराम होणारा नट भेटला. पुण्याचा, गोरागोमटा, पण शिकायची तयारी होती. मी त्याला सगळं दाखवलं. डावा पाय ओढत कसं चालायचं, पटका डोक्यावर जरा तिरपा कसा असतो, बोलायच्या आधी कानाची पाळी कशी ओढायची. पाळी तर मी त्याच्याकडून वीसदा ओढून घेतली. म्हणालो, "नाव कायबी ठिवा, पर हे ऱ्हाऊ द्या." आमच्या तालुक्यात असं पाळी ओढणारा एकच माणूस आहे.

येताना पोटभर जेवलो. इतक्या वर्षांत अन्नाला अशी चव आली नव्हती.

२२ मार्च

आज शूटिंग झालं, आणि कुठे झालं? धोंडीरामाच्याच वावरात. बाईला मेंढ्या बसवायला मोकळं रान पाहिजे होतं. धोंडीराम स्वतः पुढे होऊन म्हणाला, "माजं घ्या की. म्हाळूचं काम हाय, पैसे कशाला?" नाटकात कोण कसा दाखवलाय हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. लांब बाभळीखाली बसून दिवसभर बघत होता. स्वतःच्याच फाशीला लाकूड देतोय म्हटलं, दे.

मेंढ्या माझ्याच. दुपारी एक मोठा तमाशा झाला. त्यांच्यातला एक पॅडवाला माणूस मेंढ्यांकडे बोट करत काहीतरी पुटपुटत होता. शेवटी ओरडला, "मॅडम, बासष्ट!" मी धावत जाऊन त्याची कॉलर धरली. चौघांनी सोडवलं. बाई सारखी विचारत होती काय झालं, काय झालं. तो म्हणे, पुढच्या शॉटला तेवढ्याच लागतील म्हणून मोजल्या.

मग सांगावंच लागलं. मोजू नयेत, विचारलं तर अर्धा आकडा सांगावा, सगळं. बाई म्हणाली, "काका, कोर्टात तुम्ही किती सांगितल्या होत्या?"

"साठ."

"आणि खऱ्या?"

मी जाळी गुंडाळायला निघून गेलो.

२४ मार्च

बाई निकालाचा कागद घेऊन आली. निकाल इंग्रजीत. माझ्या सजेचा कागद, आणि एकोणतीस वर्षांत मला कुणी वाचून दाखवला नव्हता. तिने एकेक ओळ मराठीत सांगितली. जसं आठवतं तसं लिहितो.

धोंडीराम कोर्टात म्हणाला होता, की त्या रात्री माझ्या वावरात म्हाळूच्याच मेंढ्या बसल्या होत्या. म्हाळू उजाडेपर्यंत तिथेच होता, मी दोनदा उठून त्याच्याशी बोललो. सरकारी वकिलाने विचारलं, मेंढ्या किती? तो म्हणाला, सकाळी जाळीतून एकेक बाहेर निघताना मी एकेक खडा बाजूला टाकला, ज्वारी त्या मानाने द्यायची म्हणून. आणि आकडा सांगितला. मग जज्जाने लिहिलं, की आरोपी साठ सांगतो, साक्षीदार दुपटीहून जास्त सांगतो. आरोपी स्वतःच आपल्या साक्षीदाराला भर कोर्टात खोटा म्हणतो. त्या अर्थी त्या वावरात मेंढ्या असल्याच तर त्या दुसऱ्या कुणाच्या असतील.

साखरा दाराशी उभी राहून ऐकत होती. ती आत गेली.

बाई म्हणाली, "काका, ते एकटेच तुमच्यासाठी खरं बोलले होते. तुम्हीच त्यांना खोटं पाडलंत."

मी म्हणालो, "मला काय म्हाईत, आकड्यावर अडंल म्हून? मेंढ्या कुटं व्हत्या ते इचारायचं सोडून किती व्हत्या ते कशाला इचारावं?" ती म्हणाली, खरं आहे, त्यांनी तुमची रीत समजून घेतली नाही, यात त्यांचा दोष मोठा. पण धोंडीरामांचा काय?

मी कागदाची घडी घालून तिच्याकडे परत दिला.

२६ मार्च

काल एक मेंढी मेली. बासष्ट म्हणून ओरडला तो, तेव्हाच मला कळलं होतं.

बाईचा फोन आला. कोर्टाचा प्रसंग बदलता येईल, पण वरचे साहेब नुसत्या बोलण्यावर ऐकणार नाहीत. मी कागदावर लिहून सही करून द्यायची, की आकडा मी खोटा सांगितला होता आणि साक्षीदार खरा होता. "चार ओळी लिहा फक्त," ती म्हणाली.

दिवसभर कागद समोर ठेवून बसलो. खरं लिहायचं तर मला राग अजून धोंडीरामाचाच येतोय. खडे टाकून चोरून मोजायला कुणी सांगितलं होतं? आणि दुसरं असं, की हे लिहिलं तर सहा वर्षांच्या जेलाला मीही कारण ठरतो. गेलेल्या खांडाला, साखराच्या हालाला, सगळ्याला. एकोणतीस वर्षं ज्याच्यावर जगलो तो राग कुठे नेऊन टाकू? माझ्याजवळ दुसरं काही जमवलेलं नाही.

संध्याकाळी फोन करून सांगितलं, "हाय तसं ऱ्हाऊ द्या." ती म्हणाली, "ठीक आहे काका." ठीक आहे असं तिच्या आवाजात नव्हतं.

१४ मे

आज आठ वाजता लागलं. सोसायटीच्या हॉलमध्ये मोठा टीव्ही आहे, सगळं गाव तिथे. भिंतीवर अर्जुनरावाचा फोटो, हार घातलेला. त्याच्याच फोटोखाली बसून लोकांनी माझं नाटक बघितलं. मला पुढे खुर्ची दिली. आजवर मला त्या हॉलमध्ये कुणी बस म्हणालं नव्हतं.

सरकारी वकिलाचं वाक्य आलं तेव्हा बायका रडल्या. मग तो नट कोर्टात आला. डावा पाय ओढत, तिरपा पटका. कठड्याला हात टेकला आणि कानाची पाळी ओढली. हॉलमध्ये मागे कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "आरं, ह्यो तर आपला धोंडूतात्या!" सगळ्या माना वळल्या. तो भिंतीला टेकून बसला होता. त्याचा हात कानाजवळ होता, तिथेच थांबला. मग त्याने तो हळूच खाली घेतला आणि मांडीखाली दाबून ठेवला.

कुणी म्हणालं, "जवारीची पोती कावून जात व्हती, ते कळलं आता." कुणी नुसतं थुंकलं. तो शेवटपर्यंत बसून राहिला, कारण उठलं तर सगळ्यांसमोरून पाय ओढत जावं लागलं असतं.

याच घटकेची एवढी वर्षं वाट बघितली. घरी आलो तर साखराने चूल पेटवली नव्हती. "पोट भरलं आसंल तुमचं," म्हणाली.

१५ मे

सकाळी पाण्यावर जावंच लागलं, मेंढ्यांना टीव्हीतलं कळत नाही. वाटलं होतं तोटी बंद असेल. डोणी काठोकाठ भरलेली होती. धोंडीराम बाजेवर. आज एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा त्याने तोंड उघडलं आणि मिटलं नाही.

"म्हाळू, मीच चुकलो आसंन बाबा."

मी मेंढ्या डोणीवर सोडल्या.

"ते खडे म्या ठिवलेत. गाडग्यात. तू आत गेलास तवापासून किती येळा मोजले आसतील. दर बारी तेवढेच भरत्यात. पर मला वाटतं, त्या सकाळी पुरतं उजाडलं नव्हतं, येकाच मेंढरामागं दोन-दोन टाकले आसतील. दोन न्हाई तर कसं दुपटीनं व्हईल? माज्या मोजण्यापायी तू सा वर्सं आत ऱ्हायलास. टीव्हीत दावलं ते बरं केलं. मला बोलता येत नव्हतं, त्यांनी बोलून टाकलं."

आता मी काय म्हणालो ते लिहितो. मास्तर म्हणायचे, वहीला तरी फसवू नये. मी म्हणालो, "व्हय तात्या. चुकलाच आसताल."

आणि मेंढ्या पाजून परत आलो.

१९ मे

चार दिवस लिहिलं नाही. धोंडीरामाच्या घरी आता कुणी फिरकत नाही. पिठाच्या गिरणीत त्याच्या सुनेला लोकांनी रांगेतून मागे लोटलं, असं साखराने सांगितलं. ती माझ्याकडे न बघता सांगत होती.

आज पाण्यावर गेलो ते ठरवून गेलो. मेंढ्या वाटेच्या अरुंद तोंडाशी अडवल्या आणि एकेक सोडायला लागलो. प्रत्येकीच्या पाठीवर हात ठेवून मोठ्याने म्हणत होतो. एक. दोन. तीन. धोंडीराम बाजेवर आडवा होता तो उठून बसला. धनगर आपल्या मेंढ्या स्वतः मोजतोय, हे त्याने जन्मात बघितलं नव्हतं. मीही नाही. आज्या-पंज्यांची आठवण येत होती, तरी थांबलो नाही. तेहेतिसाव्या मेंढीला तो म्हणाला, "म्हाळू, हे काय करतोस लेका?"

मी म्हणालो, "तात्या, त्या दिशी एकशे सदतीस व्हत्या."

त्याने बाजेवरून पाय खाली सोडले.

"तुमचा एक बी खडा चुकला न्हाई. म्या साठ सांगितल्या. आमची रीत हाय तशी."

"मंग कवापासून ठावं हाय तुला, म्या बरोबर मोजल्या म्हून?"

"पयल्यापासून."

"आन् कोर्टात म्या तुज्याच बाजूनं बोललो, ते?"

"दोन म्हयने झाले. बाईनं कागूद वाचून दावला."

"म्हंजी टीव्हीच्या आदी."

"व्हय."

"आन् परवा म्या इतं बसून..."

मला वाटलं शिव्या देईल, काठी उगारेल. मारलं असतं तर मी खाली बसून मार खाल्ला असता. तो काठी टेकून उठला, पाय ओढत डोणीपाशी आला आणि वाकून तोटी बंद केली. चांगली पिळून बंद केली. डोणीत तळाला होतं ते पाणी त्याने बुडाचा बोळा काढून सोडून दिलं. ते मातीत जाईपर्यंत तो तिथेच उभा राहिला. मग घरात गेला आणि दार लावून घेतलं.

दुसरं पाणी नांदूरघाटच्या वाटेला टँकर थांबतो तिथे, दोन कोस. तिथे मेंढ्यांना देतील की नाही, माहीत नाही.

तेहेतीस मेंढ्या प्यायल्या होत्या. अठ्ठावीस राहिल्या. मी स्वतः मोजल्या आहेत.